पहिला वाचक : पदव्युत्तर लघुप्रबंध आणि मार्गदर्शक

महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत २०२३-२४पासून नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाले आणि शोधप्रकल्प सगळ्यांच्याच वाट्याला आला. त्याआधी अनेक विभागांत तो ऐच्छिक होता. पुढे पीएच.डी. करायचं मनात असलेले चार-दोन विद्यार्थी लघुप्रबंध घ्यायचे, बाकीचे त्याऐवजी एखादा पेपर लिहून मोकळे व्हायचे. आता दोन वर्षांच्या ८८ क्रेडिटपैकी ४ तिसऱ्या सत्रातल्या शोधप्रकल्पाला आणि ६ चौथ्या सत्रातल्या शोधप्रकल्पाला आहेत. पहिल्या सत्रातला संशोधनपद्धतीचा ४ क्रेडिटचा पेपर वेगळाच. एका क्रेडिटला ३० तास धरले, तर एका विद्यार्थ्याने या कामाला ३०० तास द्यावेत, असा या मांडणीचा अर्थ होतो.

त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट घडली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमावलीने एम.फिल. बंद केली. प्रश्न कसा विचारायचा, माहिती कशी गोळा करायची, शंभर पानं एका सूत्रात कशी बांधायची, हे शिकायला एम.ए. आणि पीएच.डी. यांच्यामध्ये जी जागा होती ती गेली. ते सगळं आता एम.ए.च्या शेवटच्या दोन सत्रांत शिकायचं आहे. ज्यांना पुढे संशोधन करायचंच नाही, त्यांच्यासाठी तर स्वतःच्या प्रश्नाचा स्वतः माग काढण्याची ही बहुधा एकमेव संधी.

ही पुस्तिका त्या ३०० तासांविषयी आहे. पण तास एकट्याने घालवायचे नाहीत. विभागाच्या फलकावर यादी लागते, प्रत्येक नावासमोर एका शिक्षकाचं नाव असतं, आणि तिथून एक नातं सुरू होतं. ते कसं चालवायचं हे अभ्यासक्रमात कुठेही लिहिलेलं नसतं. संशोधनपद्धतीची पुस्तकं नमुनानिवड शिकवतात, गृहीतक म्हणजे काय ते सांगतात, संदर्भसूचीतल्या स्वल्पविरामांची जागासुद्धा सांगतात. मंगळवारी दुपारी सरांना भेटायला जायचं ते काय घेऊन, याबद्दल मात्र ती गप्प असतात. लघुप्रबंध फसतात ते पुष्कळदा याच ठिकाणी.

आपल्याकडे मार्गदर्शकाच्या दोन प्रतिमा घट्ट बसल्या आहेत. पहिली दात्याची. विद्यार्थी पहिल्याच भेटीत म्हणतो, “सर, विषय द्या.” सर विषय देतात, विद्यार्थी तो वहीत उतरवून घेतो आणि पुढचे दोन महिने दिसत नाही. दुसरी प्रतिमा सही करणाऱ्याची. एप्रिलमध्ये स्पायरल बाइंडिंगची प्रत घेऊन विद्यार्थी येतो, “मॅडम, फक्त प्रमाणपत्रावर सही हवी होती” म्हणतो, आणि मॅडम ती प्रत पहिल्यांदा त्या दिवशी पाहतात. या दोन्ही चित्रांमध्ये एक गोष्ट सारखी आहे: मधल्या काळात मार्गदर्शकाने वाचावं असं काही लिहिलंच गेलेलं नाही. या पुस्तिकेचं म्हणणं एका वाक्यात सांगायचं तर मार्गदर्शक हा लघुप्रबंधाचा पहिला वाचक असतो, आणि वाचकाला वाचायला काहीतरी द्यावं लागतं. बाकीचे सगळे सल्ले या एका गोष्टीतून निघतात.

मार्गदर्शकाच्या वेळेचा हिशेब आधी समजून घेतलेला बरा. पीएच.डी.साठी आयोगाने मर्यादा घातली आहे: एका वेळी प्राध्यापकाकडे ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी. ही नियमावली पीएच.डी.पुरती आहे, एम.ए.च्या विद्यार्थ्यांचा त्यात विचार नाही. विभागात मंजूर पदं रिकामी असतात, काही शिक्षक तासिका तत्त्वावर असतात, आणि वर्ग भरलेला असतो. म्हणून एकेका शिक्षकाच्या वाट्याला दहा-पंधरा लघुप्रबंध येणं ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. शिक्षकाने आठवड्याचे तीन तास त्यासाठी राखले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटांच्या आसपास येतात. त्या पंधरा मिनिटांत शिक्षकाने आपला प्रश्न आठवावा, गेल्या वेळी काय ठरलं ते आठवावं आणि मग सल्ला द्यावा, अशी अपेक्षा धरली तर पहिली दहा मिनिटं आठवण्यातच जातात. समोर एक पान असेल आणि ते आदल्या दिवशी पोचलेलं असेल, तर तीच पंधरा मिनिटं पुरतात.

हे पान कसलं, ते एका उदाहरणाने सांगतो. पुढेही हेच उदाहरण वापरतो, म्हणजे बोलणं हवेत राहणार नाही.

समजा, समाजशास्त्राच्या एका विद्यार्थिनीने विषय घेतला आहे: ‘महाराष्ट्रातील ऊसतोड कामगारांच्या समस्या’. असे विषय दरवर्षी नोंदवले जातात आणि ते नाकारलेही जात नाहीत, कारण त्यात चुकीचं काही नसतं. अडचण एवढीच, की हा विषय आहे, प्रश्न नाही. ३०० तासांत महाराष्ट्र होत नाही आणि ‘समस्या’ या शब्दाखाली उचल, मुकादम, आरोग्य, मुलांची शाळा, बायकांची बाळंतपणं, कारखान्याची मजुरी, अपघात असं सगळंच येतं. अशा लघुप्रबंधाचा शेवट ठरलेला असतो: शंभर जणांची प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते आणि ‘शासनाने लक्ष द्यावे’ अशा दहा शिफारशी. तक्ते भरण्याआधी माहीत नव्हतं असं त्यातून काहीच हाती लागत नाही.

तीच विद्यार्थिनी मूळची बीड जिल्ह्यातल्या पाटोदा तालुक्यातली असेल, तर तिला काही गोष्टी आधीच ठाऊक असतात. दसरा-दिवाळीच्या सुमाराला गावातली निम्मी घरं कुलूपबंद होतात. टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांच्या भागात जातात, फडाजवळ कोप्या घालतात आणि हंगाम संपला की मार्च-एप्रिलमध्ये परततात. काही मुलं आईवडिलांबरोबर जातात. काही आजी-आजोबांकडे किंवा गावातल्या हंगामी वसतिगृहाच्या आधाराने मागे राहतात. तिचा प्रश्न इथे आहे: मागे राहिलेल्या आणि फडावर जाऊन आलेल्या मुलांच्या शाळेतल्या हजेरीत, पुढच्या जूनपासून सप्टेंबरपर्यंत, काही फरक दिसतो का? दिसत असेल तर पालक आणि शिक्षक त्याची काय कारणं सांगतात? हा प्रश्न दोन-तीन गावांत मावतो, हजेरीपट आणि मुलाखती अशी दोन साधनं मागतो, आणि त्याचं उत्तर ‘फरक दिसत नाही’ असं आलं तरी ते उत्तरच असतं.

प्रश्न इथपर्यंत आणण्याचं काम मार्गदर्शकाने विद्यार्थिनीच्या वतीने करायचं नसतं. तिने पहिल्या भेटीआधी एका पानावर तीन गोष्टी लिहायच्या: मला काय जाणून घ्यायचं आहे, ते मला कुठे आणि कोणाकडून कळेल, आणि उत्तर काय येईल असं मला आत्ता वाटतं. शिक्षक ते पान वाचून कदाचित एकच गोष्ट विचारतील: “तू माणसं मोजणार आहेस की कोयते?” कारण नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरला जातो आणि उचल कोयत्यामागे ठरते. प्रश्नावलीत व्यक्ती मोजल्या आणि मुकादमाने आकडे कोयत्यांत सांगितले, तर तक्ते जुळणार नाहीत. मोजमापाचं एकक काय, हा संशोधनपद्धतीचा अगदी प्राथमिक प्रश्न आहे. पण पान समोर असल्याशिवाय तो शिक्षकाला सुचणार नाही, आणि सुचला तरी ‘ऊसतोड कामगारांच्या समस्या’ या शीर्षकाला तो विचारता येणार नाही.

नियोजनाचं प्रकरण या पुस्तिकेत सगळ्यात मोठं आहे, आणि ते तसंच हवं होतं. विद्यापीठाच्या वेळापत्रकाप्रमाणे तिसरं सत्र पावसाळ्यात आणि चौथं हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतं. बहुतेक आराखड्यांत तिसरं सत्र वाचनाला आणि चौथं क्षेत्रकार्याला दिलेलं असतं. कागदावर हे सरळ दिसतं. पाटोद्याच्या विद्यार्थिनीने तसं केलं तर जानेवारीत ती गावात पोचेल तेव्हा ज्यांच्याशी बोलायचं ती माणसं दोनशे-तीनशे किलोमीटरवर फडात असतील. तिला पालकांच्या मुलाखती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्येच उरकाव्या लागतील. उलट हंगामी वसतिगृह चालतं ते फक्त हंगामात, म्हणून ते बघायला डिसेंबर-जानेवारीतच जावं लागेल. हजेरीपट पाहायला मुख्याध्यापकांची परवानगी लागेल. त्यासाठी विभागाच्या लेटरहेडवर मार्गदर्शकाच्या सहीचं पत्र लागेल, आणि मुख्याध्यापक ‘वरून लिहून आणा’ म्हणाले तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडेही जावं लागेल. म्हणजे पत्राचा मजकूर जुलैअखेर तयार हवा. वेळापत्रक विद्यापीठाच्या कॅलेंडरवरून आखायला बसलं की ही गाठ दिसत नाही, प्रश्नाच्या स्वतःच्या ऋतूवरून आखलं की लगेच दिसते.

प्रत्येक प्रश्नाला असा ऋतू असतो. मुंबईतल्या राज्य पुराभिलेखागारात किंवा पुण्याच्या पेशवे दप्तरात बसणाऱ्या इतिहासाच्या विद्यार्थ्याला कार्यालयीन वेळेत बसावं लागतं आणि दप्तर मोडीत असेल तर आधी मोडी वाचायला शिकावी लागते. हे काम एका महिन्यात होत नाही. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला फुलोरा ज्या आठवड्यात येतो त्याच आठवड्यात कास पठारावर असावं लागतं. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने २०११ नंतरच्या जनगणनेवर विसंबून आराखडा केला, तर तो तिथेच अडतो. म्हणून आराखड्यात ‘माहिती संकलन : दोन महिने’ असं लिहून भागत नाही. कुठली माहिती, कोणाच्या ताब्यात, कोणत्या महिन्यात मिळते, आणि नाही मिळाली तर पर्याय काय, हे चार रकाने भरले पाहिजेत. चौथा रकाना मार्गदर्शकाबरोबर बसून भरावा. त्यांनी आधीच्या विद्यार्थ्यांचे आराखडे कोसळताना पाहिलेले असतात, तो अनुभव इथे कामी येतो.

आता मुख्य गोष्टीकडे, म्हणजे मार्गदर्शकाशी मत जुळलं नाही तर काय. विद्यार्थी हा प्रश्न कुजबुजत विचारतात, जणू ती बेशिस्त आहे. आपल्याच विद्येच्या इतिहासात त्याची चांगली उत्तरं आहेत.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी कोलंबिया विद्यापीठात एम.ए.साठी १९१५च्या मे महिन्यात जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा होता. लंडनच्या एम.एस्सी.साठी १९२१मध्ये त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या साम्राज्याच्या वित्ताचं प्रांतिक विकेंद्रीकरण हा विषय घेतला. प्रांतिक वित्ताच्या उत्क्रांतीवरचा त्यांचा ग्रंथ १९२५मध्ये निघाला. त्याला त्यांचे कोलंबियातले प्राध्यापक एडविन सेलिगमन यांची प्रस्तावना आहे, आणि त्याच कामावर १९२७मध्ये कोलंबियाने त्यांना पीएच.डी. दिली. एम.ए.चा प्रबंध हा सुटा, करून विसरायचा कागद नव्हता हे या क्रमावरून दिसतं. सार्वजनिक पैसा कोण गोळा करतो आणि कोण खर्च करतो, हा धागा त्यांनी विद्यार्थिदशेत धरला आणि सोडला नाही.

त्याहून बोलकं उदाहरण ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ या डी.एस्सी.च्या प्रबंधाचं. तो १९२३मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाला आणि त्याला लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले प्राध्यापक एडविन कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली. चलनाच्या प्रश्नावर आंबेडकरांच्या सगळ्या टीकेशी आपण सहमत नाही, असं कॅनन यांनी तिथे उघड सांगितलं आहे, आणि तरीही त्या मांडणीतल्या ताज्या विचाराची दाद दिली आहे. मतभेद पुस्तकाच्या पहिल्याच पानांवर छापला गेला आणि त्याने कोणाचंच नुकसान झालं नाही. हे शक्य झालं कारण आंबेडकरांचं म्हणणं आकड्यांसह, पुराव्यांसह, पूर्ण लिहिलेलं होतं. बोलण्यातल्या मतभेदाला मोठ्या माणसाचा आवाज दाबून टाकतो. लिहिलेल्या मतभेदाला उत्तर द्यायचं तर आधी तो वाचावा लागतो.

मुंबई विद्यापीठाच्या समाजशास्त्र विभागातही अशा गोष्टी आहेत. पॅट्रिक गेडिस यांनी १९१९मध्ये सुरू केलेल्या त्या विभागाची सूत्रं १९२४मध्ये गो. स. घुर्ये यांच्याकडे आली आणि त्यांच्या हाताखाली एक पिढी घडली. इरावती कर्वे यांनी १९२८मध्ये घुर्ये यांच्या मार्गदर्शनाखाली एम.ए. केलं, ते चित्पावन ब्राह्मणांवरच्या प्रबंधावर, म्हणजे स्वतःच्याच समाजावर. त्याच वर्षी त्या बर्लिनला गेल्या. तिथे त्यांचे मार्गदर्शक होते ऑयगेन फिशर, वंशश्रेष्ठत्वाच्या सिद्धांतासाठी पुढे कुप्रसिद्ध झालेले मानववंशशास्त्रज्ञ. मानवी कवटीच्या असममितीवर इरावतीबाईंना काम मिळालं. युरोपीय कवट्या या बाबतीत इतरांहून वेगळ्या ठरतील अशी फिशर यांची अटकळ होती. मोजमापांनी तिला आधार दिला नाही, आणि इरावतीबाईंनी मोजलं तेच लिहिलं. पदवी त्यांना मिळाली. परक्या देशात, परक्या भाषेत, मार्गदर्शकाच्या अटकळीविरुद्ध निष्कर्ष मांडणाऱ्या त्या पंचविशीच्या आतबाहेरच्या तरुणीकडे मोजपट्टीने घेतलेल्या नोंदींखेरीज दुसरं बळ नव्हतं.

एम. एन. श्रीनिवास हे घुर्ये यांचे आणखी एक विद्यार्थी. त्यांचा एम.ए.चा प्रबंध १९४२मध्ये ‘मॅरेज अँड फॅमिली इन मैसूर’ या नावाने पुस्तक झाला, म्हणजे एम.ए.चं काम छापण्याजोगं असू शकतं. मुंबईत पीएच.डी.साठी त्यांनी कूर्ग लोकांचा अभ्यास केला. पुढे ऑक्सफर्डला तिथले प्राध्यापक रॅडक्लिफ-ब्राऊन यांनी त्यांना तीच सामग्री नव्या दृष्टीने पुन्हा मांडायला सांगितली. त्यातून आलेलं १९५२चं पुस्तक भारतीय समाजशास्त्रातला मैलाचा दगड ठरलं. मार्गदर्शक बदलले, सिद्धांत बदलला, पण कूर्गमध्ये टिपलेल्या नोंदी त्याच होत्या. त्या भरपूर आणि नेमक्या होत्या म्हणून दुसऱ्या वाचनाला पुरून उरल्या. विद्यार्थ्याने यातून एवढं घ्यावं, की मार्गदर्शकाची दृष्टी उसनी घेता येते, ती टाकूनही देता येते. नोंदी मात्र स्वतःच्याच असाव्या लागतात.

या थोरांच्या गोष्टी सांगून विद्यार्थ्याला दडपण द्यायचं नाही. त्यांच्यापाशी जे होतं त्यातलं एक आजच्या कोणत्याही विद्यार्थ्याला परवडतं: भेटीआधी लिहिणं आणि भेटीनंतर लिहिणं. भेट संपल्यावर त्याच दिवशी पाच ओळींचा ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर निरोप पाठवावा. “सर, आज ठरलेल्या गोष्टी : गावं तीनऐवजी दोन घ्यायची, हजेरी महिन्याप्रमाणे न मांडता आठवड्याप्रमाणे मांडायची, पुढच्या भेटीआधी पहिल्या प्रकरणाची सहा पानं द्यायची. माझ्या समजण्यात काही चूक असेल तर सांगावं.” यात उद्धटपणा नाही. दहा-पंधरा विद्यार्थ्यांचा भार असलेल्या शिक्षकाला उलट याचा आधार वाटतो. आणि मार्चमध्ये “तुला तीन गावं सांगितली होती ना?” असा प्रश्न आला, तर वाद न घालता निरोप दाखवता येतो.

मसुद्यांबद्दल एक वेगळं प्रकरण पुढे आहे, त्यातला एक मुद्दा इथे अधोरेखित करावासा वाटतो. विद्यार्थी मसुदा पूर्ण झाल्याशिवाय दाखवत नाहीत, आणि पूर्ण झालेला दाखवला की शिक्षकाला त्यात फक्त भाषा सुधारता येते. पाया चुकला आहे असं एप्रिलमध्ये सांगणं शिक्षकालाही जिवावर येतं. म्हणून पहिलं प्रकरण अर्धवट असतानाच द्यावं, आणि देताना कशावर मत हवं ते वर लिहावं: “पूर्वसंशोधनाच्या आढाव्याचा क्रम बरोबर आहे का एवढंच बघावं, भाषा अजून सुधारायची आहे.” असं लिहिलं की लाल शाई ऱ्हस्व-दीर्घावर खर्च होत नाही. परत आलेल्या शेऱ्यांपैकी प्रत्येकाला उत्तर द्यावं. मान्य केलेला शेरा कुठल्या पानावर अमलात आणला आणि न मानलेला का मानला नाही, हे एका कागदावर मांडावं. दोन फेऱ्यांनंतर विद्यार्थी स्वतःच्या मसुद्यावर शिक्षकाच्या आधी शेरे लिहू लागतो. लघुप्रबंधातून शिकण्याजोगी ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे, आणि तिला गुणपत्रिकेत रकाना नाही.

सगळेच मार्गदर्शक चांगले वाचक नसतात, हेही मान्य करायला हवं. काही भेटतच नाहीत. काही भेटतात, पण विद्यार्थ्याच्या प्रश्नात आपलाच जुना प्रश्न कोंबतात. काहींना बँकेची कामं, घरची कामं, परिषदेचे हार-गुच्छ हेही मार्गदर्शनाचाच भाग वाटतात. पहिल्या प्रकाराला नियमित लेखी पानं हाच उपाय आहे. न भेटणाऱ्यालाही सहा पानं पाठवता येतात, आणि पाठवल्याची नोंद राहते. दुसऱ्या प्रकारात दोन्ही प्रश्नांचे एकेक पानी आराखडे समोरासमोर ठेवून, कोणत्या प्रश्नाला माहिती मिळते यावर बोलणं हलवावं. तिसऱ्या प्रकारात, किंवा त्याहून गंभीर, मानहानी वा छळ असेल तर विभागप्रमुख, तक्रार निवारण समिती आणि लैंगिक छळाच्या बाबतीत अंतर्गत तक्रार समिती या वाटा आहेत. त्या वापरणं हा विद्यार्थ्याचा हक्क आहे. ‘गुण त्यांच्याच हातात आहेत’ या भीतीने गप्प बसलेल्यांनी या वाटांवरचं प्रकरण आधी वाचावं.

वाङ्मयचौर्याबद्दल विद्यार्थ्यांत अर्धवट माहितीच फार आहे. आयोगाची २०१८ची नियमावली साम्याचे टप्पे सांगते: १० टक्क्यांपर्यंत किरकोळ, कारवाई नाही. १० ते ४० टक्क्यांमध्ये सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचं. ४० ते ६० टक्क्यांमध्ये वर्षभर सुधारित प्रतही देता येत नाही. ६० टक्क्यांवर नोंदणीच रद्द. श्रेय देऊन केलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळलेले असतात. हे आकडे कळल्यावर विद्यार्थी लेखनाचं ध्येय ‘१० टक्क्यांच्या आत’ असं ठरवतात आणि दुसऱ्याची वाक्यं शब्द फिरवून लिहितात. साम्य कमी होतं, चोरी तशीच राहते. यंत्राकडून लिहून घेतलेल्या परिच्छेदांचंही तेच. साम्य शून्य दिसेल, पण मौखिकीत “हे गृहीतक तुम्ही का सोडून दिलंत?” असं विचारल्यावर उत्तर देणारं कोणी नसेल. ज्याने चार वेळा मसुदा बदलून मार्गदर्शकाला दाखवला आहे, त्याला या प्रश्नाची भीती नसते. मधले मसुदे हाच त्याचा पुरावा असतो.

मसुद्यांवरून आठवलं. श्रीनिवास १९७०मध्ये स्टॅनफर्डला असताना, एप्रिलमध्ये तिथल्या अभ्यासकेंद्राला लावलेल्या आगीत त्यांच्या रामपुरा या गावाच्या नोंदींवर वर्षानुवर्षं केलेलं संस्करण जळालं. मूळ टिपणं दिल्लीत सुरक्षित होती, पण ते पुस्तक त्यांनी शेवटी मुख्यतः आठवणीतून लिहिलं आणि ते १९७६मध्ये ‘द रिमेंबर्ड व्हिलेज’ म्हणून गाजलं. प्रत्येकाला आठवणीतून ‘रिमेंबर्ड व्हिलेज’ लिहिता येत नाही. तेव्हा मुलाखतींचं ध्वनिमुद्रण, हजेरीपटाची छायाचित्रं आणि मसुदे किमान दोन जागी ठेवावेत, त्यातली एक जागा ऑनलाइन असावी, आणि प्रत्येक फाइलच्या नावात तारीख असावी. मुलांची आणि पालकांची नावं मात्र त्या प्रतींमध्ये सांकेतिकच ठेवावीत. उचल किती घेतली हे सांगणाऱ्या बाईला गावात मुकादमासमोरच राहायचं आहे.

शेवटच्या महिन्याविषयी फार सांगायला नको. टायपिंग, युनिकोडची बिघडलेली जोडाक्षरं, बाइंडिंगवाल्याकडची रांग, प्रमाणपत्र आणि प्रतिज्ञापत्राचा नमुना, किती प्रती लागतात, सुवर्णाक्षरं कव्हरवर की कण्यावर, हे सगळं परिशिष्टात आहे. प्रत्येक विद्यापीठाचे नियम वेगळे असल्याने स्वतःच्या विभागात विचारून घ्यावं. मौखिकीचं म्हणाल तर बाहेरचा परीक्षक साधारणतः तीनच गोष्टी शोधत असतो: प्रश्न तुमचा आहे का, माहिती तुम्ही स्वतः पाहिली आहे का, आणि तुमच्या निष्कर्षाची मर्यादा तुम्हाला ठाऊक आहे का. पाटोद्याच्या विद्यार्थिनीने ‘दोन गावांवरून बीड जिल्ह्याबद्दल मी बोलू शकत नाही, पण हजेरीपट नोंदलेली हजेरी सांगतो, मूल वर्गात बसलं होतं की नाही ते नेहमी सांगत नाही, हे मला या दोन गावांत दिसलं’ असं सांगितलं, तर त्या एका वाक्यात तिची एम.ए. झालेली असते.

एम.ए.चे लघुप्रबंध बहुधा विभागाच्या कपाटातच राहतात. इन्फ्लिबनेटच्या शोधगंगेवर मुख्यतः पीएच.डी.चे प्रबंध असतात, त्यामुळे पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याला मागच्या वर्षीचं काम दिसतही नाही. म्हणून एक प्रत ज्या शाळेने हजेरीपट दाखवला तिला द्यावी, आणि निष्कर्षांचं दोन पानी सोप्या मराठीतलं टिपण गावच्या शाळा व्यवस्थापन समितीला द्यावं. हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पुढच्या वर्षी करताना त्यांना त्यातला एखादा आकडा उपयोगी पडेल. ज्यांनी माहिती दिली त्यांनाही वाचक होण्याचा हक्क आहे.

पुस्तिका सलग वाचायची गरज नाही. ज्यांच्या नावासमोर अजून शिक्षकाचं नाव लागायचं आहे त्यांनी प्रश्नावरचं प्रकरण वाचावं आणि आजच एक पान लिहावं. ज्यांना विषय ‘मिळालेला’ आहे त्यांनी नियोजनाच्या प्रकरणातले चार रकाने भरावेत, विषयाचा प्रश्न आपोआप होऊ लागेल. ज्यांना मार्गदर्शक तीन आठवड्यांत भेटलेले नाहीत त्यांनी मसुद्यांचं प्रकरण उघडावं आणि जेवढं लिहिलं आहे तेवढं, कितीही कच्चं असलं तरी, उद्या पाठवावं. आणि ज्या शिक्षकांच्या हाती ही पुस्तिका पडेल त्यांना एकच विनंती: तिसऱ्या सत्राच्या पहिल्या भेटीत विद्यार्थ्याने विषय मागितला, तर त्याला कोरा कागद द्यावा आणि पुढच्या आठवड्याची वेळ द्यावी.